आवतण दिल्यावर

पोस्टमन गावात न जाता सरळ खडीवर आला. त्या साली मोरदऱ्यात घरी सापडणार कोण? म्हाताऱ्या, तान्ही पोरं आणि दाराची कुलपं एवढंच मागं उरलं होतं. बाकी सगळं गाव माळावर बसून हातोडीनं दगड बारीक करत होतं. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी फिरकला नव्हता. माघ अजून सरला नव्हता, तरी दुपारी हातोडीचं लोखंड हाताला लागू देत नव्हतं.

"सूर्यभान कोन हाय? कार्ड आलंय!"

सूर्यभान इतक्या घाईनं उठला की मांडीवरची सगळी खडी शेजारी बसलेल्या मनकर्णाच्या पायावर सांडली. ती नवऱ्याला काही बोलणार होती, पण कार्ड म्हटल्यावर तीही उठली. त्या दोघांच्या मागं अर्धी खडी उठली. कार्ड कुणाचंही असो, मोरदऱ्यात ते सगळ्यांचं असायचं.

भिमाजी त्यांचा शेजारी. सातवीपर्यंत शिकलेला, म्हणून गावची कार्डं तोच वाचायचा. त्यानं धुळीचे हात पैरणीला पुसले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आपला अर्ज मिळाला. गुरुवारी सकाळी दहा वाजता भिंगारजवळील गाईंच्या छावणीवर मुलाखतीस हजर राहावे. सोबत मागील कामाचा दाखला आणावा. दाखला नसल्यास काम का सोडले याचा खुलासा करावा."

"झालं की काम!" सूर्यभान म्हणाला. त्याच्या कानात फक्त 'भिंगार' आणि 'गुरुवार' एवढंच शिरलं होतं.

"काय झालं? म्होरलं ऐकलं का? खुलासा मागितलाय," मनकर्णा म्हणाली.

ही भानगड अशी होती. मनकर्णाचा भाऊ आसाराम भिंगारला राहायचा. त्यानं निरोप धाडला होता की लष्कराच्या कॅम्पापलीकडच्या माळावर एका संस्थेनं गाईंची छावणी उघडली आहे आणि गुरांची जाण असलेली चार माणसं पाहिजेत. छावणीत बैल घेत नव्हते. पण कामावरच्या माणसानं स्वतःची एक जोडी आणून बांधली, तर तिचा चारापाणी छावणीचा. पगार किती, राहायचं कुठं, हे सूर्यभाननं विचारलंसुद्धा नाही. शाळेच्या गुरुजींकडून अर्ज लिहून घेऊन त्यानं त्याच दिवशी पेटीत टाकला.

कारण दारात बाशा आणि हौशा ही त्याची बैलजोडी होती. दोघं घरच्याच गाईचे. सूर्यभानच्या आईनं, रंगुबाईनं, त्यांना बोट चोखायला देऊन दूध प्यायला शिकवलेलं. आता त्यांच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या. कडबा दिवाळीतच संपला. मग छपरावरचं गवत उतरवून घातलं, आता वर नुसते वासे राहिले होते. गेले पंधरा दिवस मनकर्णा निवडुंगाचे काटे जाळावर भाजून ती पानं त्यांना चारत होती. ते खात होते, पण खाताना माणसाकडं असं बघत होते की चारणाऱ्यालाच लाज वाटावी.

शुक्रवारी घोडेगावचा बाजार होता. भिमाजी आपली जोडी घेऊन गुरुवारी दिवस मावळायला निघणार होता आणि त्याच्याबरोबर बाशा-हौशाही जाणार, असं ठरलं होतं. त्या दिवसांत बाजारात बैल घेणारा शेतकरी नव्हता. घेणारे वेगळेच होते. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कुणीच बोलत नव्हतं.

"खुलाशाचं काय घिऊन बसलीस?" भिमाजी म्हणाला. "सांग की रं, काम सरलं म्हनून."

सूर्यभान खाली बसून सांडलेली खडी गोळा करू लागला. मागल्या चैत्रात तो जुन्नरकडं एका बागायतदाराकडं सालानं गडी म्हणून राहायला गेला होता आणि श्रावण सरतो न सरतो तोच परत आला होता. गावात त्यानं 'काम सरलं' असंच सांगितलं होतं. बागायतीतलं काम श्रावणात सरतं यावर कुणी शेंबड्या पोरानंही विश्वास ठेवला नसता, पण तोंडावर कुणी तसं म्हटलं नाही. मनकर्णाला मात्र त्यानं अर्धं खरं सांगितलं होतं, की पोळ्याच्या दिवशी बैलं जुपायची म्हणाले म्हणून निघून आलो. त्यावर मनकर्णा आठ दिवस बोलली नव्हती. नवव्या दिवशी बोलली ती एवढंच, "बैलांचा पोळा झाला, आता घरातल्यांचा शिमगा."

"आजारी पडलो म्हन," पलीकडं खडी फोडत बसलेली मालनबाई म्हणाली. तिचा हात सल्ला देतानाही थांबत नव्हता.

"आजारी मानूस कोन ठिवतंय कामावर?" भिमाजीनं तिला उडवून लावलं. "त्यापरीस मयत सांग. घरात मयत झालं म्हनलं की समदे गप बसत्यात. मयतापुढं कोन उलट इचारतंय?"

"कोन मेलं म्हनू? बा तर म्या लहान असतानाच गेला."

"मग ऱ्हायलं कोन?" भिमाजी म्हणाला आणि सगळे एकमेकांकडं बघू लागले. मनकर्णानं जीभ चावली.

संध्याकाळी रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी थापता थापता मनकर्णानंच विषय काढला. पण 'मुलाखत' हा शब्द ऐकताच रंगुबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"मुलाखत? काय केलंस रं सूर्या? माझा भाचा आत हुता तवा म्या गेल्ते मुलाखतीला. जाळीआडून बोलावं लागतं!"

"ती येगळी, आये. ही नोकरीची."

"नोकरीवाले बी मुलाखत घेत्यात?" तिला ते पटलं नाही, पण बैलांच्या चाऱ्याचं ऐकून ती पुढं सरकली. मग सूर्यभाननं अडखळत अडखळत मयताची गोष्ट सांगितली. कुणाचं मयत, हे सांगताना त्यानं मान खाली घातली.

म्हातारीनं तांब्या परत हातात घेतला.

"म्या मेले? कवा?"

"भादव्याच्या तोंडाला."

"कशानं?"

"तापानं म्हनावं म्हनतो."

"ताप नगं," रंगुबाई ठसक्यात म्हणाली. "तापानं मराया म्या काय येवडी कच्ची हाय व्हय? साप चावला म्हन."

मनकर्णा भाकरी टाकून हसू लागली. तिला हसताना बघून सूर्यभानला इतकं बरं वाटलं की नोकरी लागल्यातच जमा झाली. सहा महिन्यांत या घरात कुणी हसलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस घरात लगीनघाई होती. टोपी धुवायला तांब्याभर पाणी द्यायचं की नाही यावर सासूसुनांचं भांडण झालं आणि शेवटी अर्धा तांब्या मंजूर झाला. सदऱ्याला दोन बटणं मालनबाईनं दिली. रात्रीची भाकरी झाली की मनकर्णा उंबऱ्यावर साहेब होऊन बसायची.

"काम का सोडलं?"

"आय मेली, जी."

"आसं वरडू नगा. वाईट तोंड करून सांगा."

"आय मेली, जी." सूर्यभान वाईट तोंड करायचा आणि कोपऱ्यात बसलेली मेलेली बाई म्हणायची, "सापाचं सांगायचं ऱ्हायलं की रं!"

बुधवारी म्हातारीनं नवीनच काढलं. "म्या बी येनार."

"आत्याबाई, आवं तुमी मेलात!" मनकर्णा म्हणाली.

"मेलेलं मानूस कुनाला दिसतंय? म्या भाईर बसते. पन जागा बगितल्याबिगर माझी बैलं कुटं धाडायची न्हाई. पानी कसलं हाय, सावली हाय का, कोन मानसं हायत, ह्याला काय कळतंय?"

तिच्यापुढं आजवर कुणाचं चाललं नव्हतं. मेल्यावर तरी काय चालणार?

गुरुवारी फटफटायला मायलेक निघाली. मनकर्णा वेशीपर्यंत आली. तिचा आवाज बदललेला होता. "दिवस मावळायला भिमाजी निगंल. त्याच्या आत या. न्हाई आलात तर म्या दावी त्याच्या हातात देनार. मग मला कुनी बोलायचं न्हाई."

"येतो," सूर्यभान म्हणाला. म्हातारी तोवर बरीच पुढं गेली होती.

पाथर्डी रस्त्याच्या फाट्यापर्यंत पायी, तिथून मोटार, नगरच्या अलीकडं उतरून पुन्हा पायी. भिंगारच्या पेठेतून जाताना रंगुबाईला बांगड्यांचं दुकान दिसलं, तोफा दिसल्या, झाडांना चुना लावलेला दिसला. "झाडांस्नी बी गणवेश घातलाय," ती म्हणाली. मग माळ लागला आणि वारं वाढ्यांचा वास घेऊन आलं. उसाच्या हिरव्या वाढ्यांचा वास. सूर्यभान जागच्या जागी थांबला. हिरव्याला असा वास असतो हेच तो विसरून गेला होता.

बांबू आणि गोणपाटाचे लांबच लांब मांडव, आणि त्यांत चारशे गाई. रंगुबाई सरळ ढिगाजवळ गेली, एक वाढं उपसलं, दातांनी सोलून चावलं. "ग्वाड हाय रं!" मग हौदात कोपरापर्यंत हात घातला, ओंजळभर पिऊन पाहिलं आणि पिशवीतली बाटली काढून काठोकाठ भरून घेतली. मनकर्णाला आणि बैलांना दाखवायला.

"आये, तू तिकडं लांब बस. दिसू नगंस," सूर्यभान दबक्या आवाजात म्हणाला.

"बसते, बसते. म्या मेलीय, ठावं हाय मला."

पत्र्याच्या शेडमध्ये टेबल होतं. बाहेर चाळीसेक माणसं आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात कागद. कागद बघून सूर्यभाननं आपले मोकळे हात सदऱ्याच्या खिशांत घातले. अकराच्या सुमाराला त्याचं नाव पुकारलं. टेबलापाशी छावणीचे मुख्य राधाकृष्णभाऊ बसले होते. पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शेजारी लेखनिक कानिफनाथ, तरुण, नगरमध्येच वाढलेला, पुढ्यात मोठं रजिस्टर.

"गुरांचं काय काय येतं?" भाऊंनी विचारलं.

हे सोपं होतं. "दात बगून वय सांगतो. पोट फुगलं तर उतरवतो. खांदा सुजला, खूर नासला, समदं बगतो. गाय अडली तर हात घालून वासरू काडतो, जी. आजवर पाच काडली, चार जगली."

भाऊंनी मान हलवली. कानिफनाथनं भराभरा लिहिलं. जमतंय, जमतंय, असं सूर्यभानला वाटू लागलं.

"मागच्या कामाचा दाखला?"

"न्हाई, जी."

"काम का सोडलं?"

"आय मेली, जी."

"अरेरे. कशानं?"

"साप चावला."

"कुठं?"

हे मनकर्णानं विचारलं नव्हतं. "घरी."

"घरी ते झालं. अंगाला कुठं?"

"पायाला," सूर्यभान म्हणाला, आणि घाबरून त्यानं जोडलं, "हाताला बी."

"दोन ठिकाणी?"

"मोटा हुता, जी."

कानिफनाथनं पेन थांबवून वर पाहिलं. भाऊ काही बोलणार, इतक्यात बाहेर कालवा उठला. मांडवाच्या कडेला एक भुरी गाय बसली होती, तिची उठायची ताकद गेली होती. दोन गडी तिच्या शिंगांना दोर बांधून पुढून ओढत होते. दोघंही आधी टांग्यावर होते, घोड्यांत वाढलेले. गाईची मान ताणली गेली होती, जीभ बाहेर आली होती.

"सोडा रं मुडद्यांनू!" कुणीतरी म्हातारी किंचाळली. "घोडं हाय का त्ये? घोडं पुडून उटतंय, गाय मागून उटती!"

आणि पदर खोचून ती गाईच्या मागं शिरली, मांडीखाली हात घालून एकटीच नेट लावू लागली. गाय हलली. अर्धी वर आली, पाय लटपटले आणि सगळं धूड म्हातारीच्या अंगावर झुकलं.

"आये!" सूर्यभान ओरडला. "आये, बाजूला व्हय!"

टेबलाला धक्का लागला, शाई सांडली, आणि तो उडी मारून मांडवात पोचला. गाईच्या अंगाखाली खांदा घालून त्यानं तिला पेललं. तिचा ऊन श्वास त्याच्या कानात, तिची बरगडी त्याच्या गालाला. "दोर सोडा! पोतं आना! पोटाखालून घाला!" गड्यांनी पोतं आणलं. दोघं एका बाजूला, मायलेक दुसऱ्या बाजूला. "आदी मागनं. मानेला हात लावू नगा. ती उटंल, तिला उटायचंय. हां... हां... आता!" गाईचं मागलं अंग वर आलं. पुढचे गुडघे जमिनीवरच राहिले. तिनं तसाच एक दम घेतला, घामेजलेल्या माणसांनीही घेतला. मग एक गुडघा सुटला, दुसरा सुटला, आणि गाय थरथरत चारी पायांवर उभी राहिली.

रंगुबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बस्स, माझे बाय." मग तिनं मागं पाहिलं आणि तिला आठवलं की आपण मेलो आहोत.

शेडमधून भाऊ आणि कानिफनाथ बाहेर आले होते. कानिफनाथच्या धोतरावर निळी शाई होती.

"ह्या बाई कोण?" त्यानं विचारलं.

"मावशी," रंगुबाई झटकन म्हणाली. "म्या ह्येची मावशी. आमच्यात मावशीला बी आयच म्हनत्यात."

सूर्यभाननं आईकडं पाहिलं. तिच्या कपाळाला खरचटलं होतं, लुगडं शेणानं भरलं होतं, आणि तरी ती त्याच्यासाठी खोटं बोलत होती. त्याला इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं.

"आयच हाय, जी," तो म्हणाला. "जित्ती हाय. साप बी न्हाई अन् काय बी न्हाई. म्या खोटं बोललो." त्यानं टोपी उचलून झटकली. "चल, आये. दिवस मावळायच्या आत पोचलं पायजे."

"थांब," भाऊ म्हणाले. "शाई सांडलीस, तेवढी तरी भरून दे. खरं काय ते सांग."

सूर्यभान उभाच राहिला. आजवर त्यानं हे पुरतं कुणालाच सांगितलं नव्हतं.

"जुन्नरकडं हुतो, जी. मालकाचे दोन बैल माझ्या हाताखाली. लई गुनाचे. श्रावनातली आमुशा आली. आमच्याकडं त्याच दिशी पोळा. म्या कुनाला इचारलं न्हाई. आदल्या सांच्याला पानी ऊन केलं, मालकिनीकडून हळद मागून आनली, तिला वाटलं मलाच कुटं लागलंय. बैलांचे खांदे मळले. अन् मळून झाल्यावर, जसं घरी करतो तसं, दोगांच्याबी कानात सांगितलं."

"काय सांगितलं?" कानिफनाथनं विचारलं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

भाऊंनी चष्मा काढला.

"सकाळी मालक म्हनला, कांद्याच्या रानाला पाळी घालायचीय, जुप. म्या म्हनलं, आज पोळा. त्यो म्हनला, तुमचा असंल. आमचा भादव्यात, म्होरल्या आमुशाला. मला ठावंच नव्हतं, जी, की तिकडं पोळा येगळा असतोय. मालक भला मानूस. त्यो म्हनला, तुझा सन हाय तर तू आज बस, दुसरा गडी जुपील. आन् दुसऱ्यानं जुपलं. म्या गोठ्याच्या दारात हुभा. बैल माझ्याकडं बगत बगत गेले, जी."

त्यानं पायाशी पडलेलं पोतं उचलून त्याची घडी घातली. मांडवात गाई रवंथ करत होत्या.

"दुपारी मालकिनीनं मला ताट वाडलं. पुरनाची पोळी केलती, माझा सन म्हनून. माझ्यासाठी येकट्यासाठी. म्या घास घेतला, त्यो गिळंना. ज्यांस्नी जेवाया बोलीवलं त्ये उन्हात औत वडत्यात, आन् बोलीवनारा ताटावर बसलाय. म्या उटलो आन् चालाया लागलो. दाखला कंच्या तोंडानं मागनार? त्यांचं काय बी चुकलं न्हवतं."

रंगुबाईनं त्याचा दंड धरला. "आन् घरी यिऊन ह्ये बोलला न्हाईस व्हय रं?"

"काय बोलू? चूक माझीच. ज्याचं घर त्याला न इचारता आवतन दिलं."

भाऊंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "मी जुन्नरचाच आहे," ते म्हणाले. "आमचा पोळा भादव्यातच. तुझ्या मालकाचं बरोबर होतं."

"व्हय, जी."

"इथं मी सांगितलेलं पटलं नाही, तर असाच चालायला लागशील?"

आता 'नाही' म्हणायचं होतं. एवढं म्हटलं की झालं असतं. सूर्यभानला दारातले बाशा-हौशा दिसत होते, भिमाजी दिसत होता.

"सांगता येत न्हाई, जी," तो म्हणाला. "पन हित आदी इचारीन."

भाऊंच्या तोंडावर हसू आलं, तसंच गेलं. "इथं रोज चारशे तोंडं जेवायला बसतात. एकालाही उठवायचं नाही. जमेल?"

सूर्यभान तोंड उघडायच्या आत रंगुबाईनंच उत्तर दिलं, "जमंल! न जमायला काय झालं?"

"तुमची जोडी उद्या आणा. कानिफनाथ, नाव लिही."

कानिफनाथ शाईच्या डागातून कोरडी जागा शोधत होता. "भाऊ, काम सोडण्याचं कारण ह्या रकान्यात काय लिहू? घरगुती अडचण?"

"लिही, आवतण दिलं होतं."

"पण वाचणाऱ्याला कळायचं काय?"

"ज्याला कळायचं त्याला कळेल," भाऊ म्हणाले. "आणि ह्या बाईंच्या कपाळाला हळद लावा कुणीतरी. एवढ्या सापातून वाचल्यात."

तीनची मोटार मिळाली. रंगुबाई सगळ्या मोटारीला वाढ्यांची चव सांगत होती. सूर्यभान उभ्यानंच एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता, जणू त्यानं मोटार पुढं ढकलली जाणार होती. आणि करंजीच्या घाटात, अर्ध्या चढावर, इंजिनातून वाफ उसळली. गाडी थांबली.

ड्रायव्हर खाली उतरला. "पाणी हाय का कुनाकडं?" त्या साली घाटात पाणी मागणं म्हणजे रस्त्यात सोनं मागणं. माणसं आपापल्या तांब्यांवर पदर ओढून बसली. सूर्य डोंगराला टेकायला वावभर राहिला होता.

रंगुबाईनं पिशवीतून बाटली काढली. छावणीच्या हौदातली, काठोकाठ भरलेली. तिनं ती एकदा उन्हात धरून पाहिली. "घे बाबा. बैलांस्नी दाखवाया नेत हुते. आता तुझ्या बैलाला पाज." तिनं दिलेलं बघून मग एकेका तांब्यावरचा पदर सरला. थोडं थोडं करून इंजिनाची तहान भागली.

फाट्यावर उतरून मायलेक पळायला लागली. म्हातारी पळते म्हणजे काय ते त्या दिवशी माळानं पाहिलं. दिवस मावळला होता, उजेड तेवढा होता. वेशीच्या अलीकडं, बाभळीपाशी, समोरून भिमाजी येताना दिसला. पुढं त्याची जोडी. मागं बाशा आणि हौशा, एका दोरात बांधलेले. आणि त्यांच्याबरोबर मनकर्णा. वेशीवरून परत फिरायचं असतं, पण ती फिरली नव्हती.

"सोड!" सूर्यभान लांबूनच ओरडला. "भिमाजी, सोड त्यांस्नी! लागली! नोकरी लागली!"

मनकर्णा बैलांना सोडून पुढं धावली आणि हसायचं की रडायचं हे न कळून तिनं सासूलाच मिठी मारली. भिमाजीनं दोराची गाठ सोडायला घेतली. गाठ पक्की बसली होती, ती सोडायला त्याला बराच वेळ लागला.

सूर्यभाननं बाशाच्या खांद्यावर हात ठेवला. हात पिवळा झाला.

"खांदे मळलेस?"

"मळले," मनकर्णा खाली बघत म्हणाली. "तेल नव्हतं, नुसती हळद लावली. चाललेच हुते, म्हनलं मळावं. पन कानात सांगाया तोंड झालं न्हाई. घरात घालाया न्हाई काय, आन् जेवाया या कसं म्हनू?"

सूर्यभाननं हळदीचा हात हौशाच्या खांद्यावरून फिरवला. जुन्नरच्या आवतणाचं त्यानं मनकर्णाला अजून काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरज उरली नव्हती.

"आता सांग," तो म्हणाला. "हक्कानं सांग. उद्या भिंगारला."

"दोगांच्या बी कानात सांग गं," रंगुबाई धापा टाकत म्हणाली. "न्हाईतर हौशा रुसंल."

मनकर्णानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाशाच्या कानाशी गेली. भिमाजी आपल्या दोन बैलांचे दोर हातात धरून बाजूला उभा होता. त्याच्या बैलांनी माना वळवून इकडंच पाहिलं.

"हळू बोल, वयनी," भिमाजी म्हणाला. "माझ्या बैलांनी ऐकलं, तर पाय उचलनार न्हाईत."

मनकर्णानं तोंड अगदी बाशाच्या कानात घातलं आणि कुणालाही ऐकू येणार नाही एवढ्या हळू आवतण दिलं.